मिक्स माल

गाडी परत आली ती ऐन दुपारी. पत्र्याची शेड उन्हानं तडतडत होती. वारा सुटला होता आणि त्याच्याबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या अख्ख्या आवारात भिरभिरत होत्या. भरून गेलेली गाडी भरलेलीच परत आली, की भंगारवाल्याच्या घरात मयत झाल्यासारखी शांतता पसरते. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं मागचा फाळका पाडला आणि एक गोणी ओढून जमिनीवर पालथी केली. झाकणं, फुटक्या बादल्या, खेळण्यातल्या मोटारी पडल्या आणि त्यांच्यामागून खणखण करत पत्र्याचे तुकडे, फुटक्या काचा आणि एक गंजलेलं कुलूप.

"घ्या बघून," ड्रायव्हर म्हणाला. "याच्यापायी कारखान्यात मशीनचं पातं मोडलं. मॅनेजर मला मारायचाच काय तो बाकी राहिला. म्हणाला, मिक्स माल घेऊन पुन्हा गेटवर दिसू नकोस."

ठमीच्या बापानं कुलूप उचललं आणि ते हातात खेळवत तो नुसता उभा राहिला.

ठमीच्या आईची नजर मात्र कुलुपावर नव्हती. गोणीचं तोंड ज्या चिंधीनं बांधलं होतं, ती निळ्या साडीच्या काठाची चिंधी तिला दिसली होती. या घरात गोणी कुणी भरली ते गोणीच्या तोंडाला मारलेल्या गाठीवरून कळायचं. नवरा तारेला पीळ द्यायचा, सासरे सुतळीची दुहेरी गाठ मारायचे आणि ती जुन्या साड्यांचे काठ फाडून बांधायची. तिला सगळं आठवलं. त्या दिवशी अंधारून यायला लागलं होतं, कंबरेचा काटा ढिला झाला होता, स्वयंपाक व्हायचा होता. जमिनीवरचा उरलासुरला पसारा तिनं केरसुणीनं लोटून सरळ त्या गोणीत ढकलला होता. एवढ्याशानं काय होतंय, असं मनात म्हटलं होतं.

तिनं एक पाऊल पुढं टाकलं आणि चिंधीवर पाय ठेवला.

नवऱ्यानं मान वळवली, पण तिच्याकडे नाही. "आबा, कडक प्लास्टिकच्या गोण्या तुम्हीच भरता ना?"

म्हातारा ढिगापाशी पोत्यावर बसला होता. एका डोळ्यानं दिसत नव्हतं आणि दुसऱ्यानं दिसायचं तेही धुरातून पाहिल्यासारखं. "हो. मीच भरतो," तो म्हणाला.

"मग हे काय?" मुलानं कुलूप त्याच्या तळहातावर ठेवलं.

म्हाताऱ्यानं कुलूप चाचपलं, नाकाशी नेऊन गंजाचा वास घेतला. मग मान खाली घालून म्हणाला, "असेल बाबा. माझ्याच हातून गेलं असेल. हल्ली धड दिसत नाही मला."

ठमीच्या आईच्या ओठांवर शब्द आला होता. अगदी आला होता. पण तेवढ्यात जागेच्या मालकाचा फोन आला. माल त्याच्याच नावानं जायचा, म्हणून कारखान्यानं मालकाला झापलं होतं आणि मालकानं आता यांना झापायला घेतलं होतं. फोन कानापासून लांब धरला तरी सगळं ऐकू येत होतं. पुन्हा असं झालं तर जागा रिकामी करा, तुमच्यासारखे चार जण माझ्या दारात उभे आहेत. नवरा नुसता "हो, हो" करत होता आणि मोकळ्या हातानं कपाळावरचा घाम पुसत होता. त्याचं तोंड इतकंसं झालं होतं. ते पाहून तिच्या ओठांवरचा शब्द मागं फिरला, आणि मागं फिरलेला शब्द पुन्हा यायला काही राजी होईना.

राहायचं तिथंच आणि काम तिथंच, त्यामुळे जागा जाणं म्हणजे छप्परच जाणं. परत आलेला सगळा माल पुन्हा निवडायचा, असं ठरलं. पुठ्ठा वेगळा, पत्रा वेगळा, वायरी, काच, कडक प्लास्टिक, मऊ प्लास्टिक, रबर, कापड. म्हाताऱ्याला खाटेवर बसवलं. कुणी रागावून बसवलं नाही, "आबा, तुम्ही आता आराम करा," असं गोडीतच सांगितलं, आणि तेच त्याला जास्त लागलं. जन्मभर ज्या पोत्यावर बसून त्यानं माल निवडला, ते पोतं रिकामं पडलं.

आता त्या पोत्यावर कोण, हा प्रश्न होता.

"ठमी," नवरा जेवताना म्हणाला. पोरगी बाहेर भांडी घासत होती. "दोघांच्यानं हे उरकत नाही. माझी पाठ सरळ होत नाही आणि तुझे हात बघ कसे झालेत. सहावी झाली काय आणि सातवी झाली काय, शेवटी हेच करायचंय तिला."

"वर्ष तरी पुरं होऊ द्या."

"वर्षभर ही जागा राहील का आपल्याकडे?"

 याला तिच्याकडे एकच उत्तर होतं, ती गोणी आबांची नव्हती, आणि ते तोंडातून निघत नव्हतं. मग तिनं दुसरंच काहीतरी पुढं केलं. शाळेत प्रदर्शन होतं. टाकाऊपासून टिकाऊ. मुलांनी घरातल्या फेकायच्या वस्तूंमधून काहीतरी बनवून आणायचं, मोठे साहेब बघायला येणार, आईबापांनाही बोलावलं होतं. "तेवढं होऊ द्या," ती म्हणाली. "तुम्ही या बघायला. मग काय ठरवायचं ते ठरवा."

तिचा हिशेब सरळ होता. पोरीला तिथं सगळ्यांसमोर, हातांनी बनवलेल्या वस्तूशेजारी उभी पाहिली, की बापाच्या तोंडून "बस घरी" निघणार नाही. नवरा तसा मऊ होता, पण त्याला काही दिसलं तरच मऊ व्हायचा.

"टाकाऊपासून टिकाऊ," नवरा घास चावत म्हणाला. "आपण इतकी वर्षं काय करतोय मग?" पण नाही म्हणाला नाही. प्रदर्शनापर्यंत, असं ठरलं.

शाळेत ठमीला चिंधी म्हणायचे. तिच्या दप्तराला रबराचा वास येतो म्हणून शेजारी कुणी बसायचं नाही. पोरगी घरी येऊन तक्रार करायची नाही. सांगून काय होणार हे तिला फार लवकर कळलं होतं. पण प्रदर्शनाचं जाहीर झालं आणि मुलांच्या लक्षात आलं की फेकायच्या वस्तू कुणाच्याच घरी फारशा नाहीत. होतं ते सगळं भंगारात गेलेलं. मग एके दिवशी दुकानदाराची मुलगी, गवंड्याचा मुलगा आणि चष्मा लावणारी एक बडबडी मुलगी अशी तिघं आवाराच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. आत यायला धजत नव्हती.

"ठमी," दुकानदाराची मुलगी म्हणाली. चिंधी नाही, ठमी. "आम्ही तुझ्या गटात आलो तर चालेल?"

ठमीनं आईकडे पाहिलं. आईनं हातातला हातोडा खाली ठेवला आणि म्हणाली, "या की आत. जपून या पण, खिळे आहेत."

कोंबडी करायची ठरली. माणसाच्या कंबरेएवढी. अंगाला तेलाचा पत्र्याचा डबा, पायांना पाण्याच्या नळीचे तुकडे, पंखांना प्लास्टिकच्या बाटल्या उभ्या कापून केलेली पिसं. शेपटीला मोडक्या छत्रीच्या काड्या. तुरा सायकलच्या ट्यूबचा, त्याला लाल रंग. गळ्याला कापडाच्या पट्ट्या. शेडच्या मागच्या बाजूला मुलांचा कारखाना सुरू झाला. शाळा सुटली की तिघं यायची आणि दिवेलागणीपर्यंत ठोकाठोकी चालायची.

ठमीच्या आईनं आपली पोरगी अशी कधी पाहिली नव्हती. "तो पत्रा नको, हात कापेल," "ही तार घे, ती ठिसूळ आहे," "अरे ए गवंड्या, एवढं जोरात ठोकू नको, कोंबडी आहे, भिंत नाही." पोरगी हुकूम सोडत होती आणि मुलं ऐकत होती. सगळ्यात मोठी कटकट जोडण्याची होती. पत्र्याला प्लास्टिक चिकटत नव्हतं, प्लास्टिकला कापड धरत नव्हतं. डिंक लावला की वाळून सुटायचा. शेवटी ठमीनं सगळं तारेनं बांधायचं ठरवलं. भोकं पाडून, तार ओवून, मागच्या बाजूनं पक्कडीनं पीळ. बोटांना फोड आले, पण कोंबडी उभी राहिली. नवराबायको पुढच्या बाजूला दिवसभर जे सोडवत बसायची, तेच मागं पोरं जोडत बसायची. नवरा एकदा पाणी प्यायला मागं गेला आणि थोडा वेळ बघत उभा राहिला. "या तारेच्या गाठी सोडवायला घेतल्या तर माझा दिवस जाईल," एवढंच म्हणाला. ठमीला ते बक्षिसासारखं वाटलं.

म्हातारा पुढं खाटेवर बसून आवाज ऐकायचा. "काय चाललंय गं तिकडं?"

"कोंबडी करतोय, आबा!"

"अंडी देणार आहे का?"

"प्लास्टिकची देईल!"

"मग राहू दे. ती फार झालीत आपल्याकडे." आणि म्हातारा स्वतःच हसायचा.  हात मांडीवर पालथे टाकलेले, आणि बोटं आपली उगाच हलत असायची.

एकदा शाळेतल्या बाई येऊन गेल्या. तीन वर्ग एकट्या सांभाळून त्यांच्या चेहऱ्यावरचं पाणी उतरलं होतं. कोंबडी पाहून मात्र त्या खाली बसल्याच. "अगबाई," म्हणाल्या. "हिला दारातच उभी करू या. साहेब आत येतानाच पाहतील." मग इकडंतिकडं पाहत, "तुमच्याकडे तर खजिनाच आहे हो."

"खजिना म्हणतात होय याला," ठमीची आई म्हणाली. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही." बाई हसल्या आणि चहा न घेता गेल्या.

डोळे तेवढे राहिले होते. दुकानदाराच्या मुलीनं आईच्या जुन्या कोटाची दोन मोठी काळी बटणं आणली. आईची आवडती होती, प्रदर्शन झालं की परत द्यायची, या बोलीवर. बटणं बसवली आणि कोंबडी एकदम बघायला लागली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी ड्रायव्हरचा निरोप आला, गाडी आजच येतेय. उद्या येणार होती ती आज. कारखान्याला घाई होती. झालं, घरात धावपळ उडाली. ठमी शाळेत गेली होती. मुलं संध्याकाळी येऊन कोंबडी हातगाडीवरून नेणार होती. भरलेल्या गोण्या सगळ्या मागं रचलेल्या आणि वाटेत कोंबडी. ठमीच्या आईनं तिला अलगद उचलली, पुढं आणली, वारा लागू नये म्हणून न निवडलेल्या मालाच्या ढिगाला टेकवून उभी केली आणि वर एक रिकामं पोतं टाकलं. तेवढ्यात रस्त्यावरून भोंगा वाजला. आवारात गाडी वळत नसे, त्यामुळे एकेक गोणी पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत न्यायची. ती पळाली. पोत्याखाली काय आहे हे म्हाताऱ्याला सांगायचं राहिलं.

पाठीवर गोणी, पायांखाली तापलेली खडी, तोंडात धूळ. नवरा पुढं, ती मागं. दुपार कलेपर्यंत खेपा चालल्या, आणि ओझ्याखाली वाकलेल्या मानेनं ढिगाकडे कुणी पाहिलं नाही. ड्रायव्हर सावलीत बसून निवांत विडी ओढत होता आणि मधूनमधून "आटपा, आटपा" म्हणत होता. काही गोण्यांना तोंडं बांधायची राहिली होती म्हणून ती रस्त्यावरच थांबून बांधायला लागली. नवरा राहिलेल्या गोण्या आणायला एकटा आत गेला. त्याला बराच वेळ लागला. आला तो मात्र जरा ताठ चालत आला.

"आबांनी काम केलंय," तो गोणी टाकत म्हणाला. "ढिगातला माल काढून एकेक वेगळा लावून ठेवलाय. भेसळ आहे का तेवढं बघितलं मी, बारकाईनं. पत्र्यात पत्रा, प्लास्टिकात प्लास्टिक. एक तुकडा इकडचा तिकडं नाही. गोण्यांत भरूनच आणला तो पण."

"बरं झालं," ती म्हणाली. तिचं लक्ष गाठीकडे होतं. फाळका लागला, गाडी हलली, धुरळा उडाला. या वेळी ती परत येणार नव्हती. दोघं तिथंच रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली. नवऱ्यानं डोक्यावरचा पंचा सोडून तोंड पुसलं आणि तिच्याकडे दिला. कितीतरी दिवसांनी दोघांना बरं वाटत होतं.

आवारात आली तेव्हा तिला ढिगाशेजारी रिकामं पोतं दिसलं. नीट घडी घातलेलं.

म्हातारा आपल्या जुन्या जागेवर बसला होता. अंगातला सदरा घामानं भिजलेला, बोटांच्या टोकांवर रक्त, आणि चेहरा असा की गेल्या कित्येक दिवसांत तिनं तो पाहिला नव्हता. "सूनबाई, पाणी दे गं," तो म्हणाला. "अगं, कुठल्या गाढवानं बांधला होता तो माल कोण जाणे. पत्रा, नळी, बाटल्या, कापड, सगळं एकात एक. आणि तारेचे पीळ तरी काय! असा चिवट मिक्स माल जन्मात हाताला लागला नव्हता. पण सोडवला. पुरता सोडवला."

तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.  ती पळत रस्त्यावर गेली. रस्ता मोकळा होता. लांबवर थोडा धुरळा, तोही बसत आलेला. कोंबडी वेगवेगळ्या गोण्यांत वाटली जाऊन, जिथल्या तिथं, कुणालाही खोट काढता येऊ नये अशी गेली होती.

ती परत आली तोवर शाळा सुटली होती. फाटकातून चौघं हातगाडी ढकलत आत येत होती. चष्मेवाली मोठमोठ्यानं साहेबांची नक्कल करत होती आणि ठमी खो खो हसत होती. ठमी सरळ मागं गेली. मग पुढं आली. पुन्हा मागं गेली.

"आई, कोंबडी कुठंय?"

आईची नजर घडी घातलेल्या पोत्याकडे गेली. म्हातारा बोलला. "कसली कोंबडी? तुमची? ती मागं आहे ना?" मग त्याचे हात मांडीवर थांबले. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "सूनबाई," तो म्हणाला. "पोत्याखाली काय होतं?"

मुलं ढिगाकडे बघत होती. छत्रीच्या काड्या एका बाजूला जुडी बांधून ठेवल्या होत्या, मोडक्या तारांचं एक भेंडोळं होतं, कोंबडीचं बाकी काही नव्हतं. गवंड्याच्या मुलानं एक तार उचलून पाहिली आणि खाली टाकली. त्याच्या पिळाची तार होती ती.

"विकली," दुकानदाराची मुलगी म्हणाली.  "तुम्ही आमची कोंबडी विकली."

"विकली नाही," ठमी म्हणाली.

"मग कुठंय? माझ्या आईची बटणं कुठंयत? मी सांगितलं होतं सगळ्यांना, शाळेतच ठेवू म्हणून. भंगारवाल्यांकडे ठेवली की विकणारच."

ठमी आजोबांकडे एकदा बघून म्हणाली, "मीच सोडवली. मला नीट झालेली वाटत नव्हती." हे इतकं खोटं होतं की मुलांनाही ते पटलं नाही, पण भांडण संपायला पुरलं. हातगाडी तिथंच टाकून तिघं गेली. फाटकातून बाहेर पडताना चष्मेवाली मागं वळून काहीतरी म्हणाली. ऐकू आला तो शेवटचा शब्द. चिंधी.

पोरगी रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. तिनं दप्तर आत टाकलं, हात धुतले आणि ढिगापाशी जाऊन माल निवडायला बसली. म्हातारा बाजूला सरकला. मग त्यानं खिशातून काहीतरी काढलं आणि हात पुढं केला. दोन काळी बटणं होती.

"ही कशात टाकावीत कळेना," तो म्हणाला. "एकसारखी होती. जोडी मोडायला नको म्हणून ठेवली." थांबून म्हणाला, "ही हाताला लागली तेव्हा जरा थबकलो होतो मी. वाटलं, हे काहीतरी कुणीतरी केलेलं आहे."

"मग?" ठमीनं वर न बघता विचारलं.

"मग काय. काम चांगलं चाललं होतं गं. किती दिवसांनी."

ठमीनं बटणं घेतली आणि पुन्हा मान खाली घातली.

संध्याकाळी जेवणं झाली. नवऱ्याला वाईट वाटत होतं, म्हणूनच तो उगाच बोलायला लागला. "आता झालं ते झालं. नाहीतरी आजउद्या बसायचंच होतं तिला. उद्यापासूनच बसू दे. तिथं जाऊन काय तोंड दाखवणार आहे?"  ठमीनं मान हलवली फक्त. नवऱ्यानं हात धुतले आणि सहज, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "आबांचं काम बघून मला नवल वाटलं हो पण. चार पोरांनी इतके दिवस आवळलेल्या गाठी, आणि एका दुपारी माल असा साफ. इतकं साफ मलाही जमत नाही. मग त्या गोणीत कुलूप गेलं कसं?"

खाटेवरून म्हातारा म्हणाला, "जाऊ दे ना आता."

ठमीच्या आईनं ताटं गोळा केली. बाहेर नेऊन ठेवली. परत आत आली आणि दारातच उभी राहिली. अंगातलं सगळं त्राण गेलं होतं, आणि एवढं थकल्यावर ते लपवून ठेवायचंही त्राण उरलं नव्हतं.

"ती गोणी माझी होती," ती म्हणाली.

नवऱ्यानं मान वर केली.

"केरसुणीनं लोटलं मी. कंटाळले होते. चिंधी पण माझीच होती, निळी. गाडीवाल्यानं गोणी ओतली तेव्हा मी तिच्यावर पाय देऊन उभी होते." ती दाराला टेकली. "आबांना तुम्ही विचारलंत आणि ते हो म्हणाले. मी गप्प बसले. आणि आज कोंबडी तिथं ठेवली तीही मीच. त्यांना सांगितलं नाही."

  नवरा उठला, बाहेर गेला, आवारात अंधारात उभा राहिला. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. ठमी आईकडे बघत होती, आणि ती नजर सोसवेना म्हणून आईनं पदर तोंडाला लावला.

"मला ठाऊक होतं," म्हातारा म्हणाला.

"काय?"

"कुलूप माझ्या हातून जात नाही गं, सूनबाई. दिसत नसलं म्हणून काय झालं." तो कुशीवर वळला. "पण मला वाटलं, माझ्या पोराच्या हातून गेलं असेल. त्याचं नाव कशाला घ्या."

सकाळी वारा पडला होता. ठमीची आई चहा घेऊन बाहेर आली तर पोरगी आधीच पोत्यावर बसली होती. शाळेचे कपडे घातले नव्हते. जुना झगा, डोक्याला फडकं, हातात हातोडा. बरण्यांची झाकणं ठोकून वेगळी करत होती. तिच्यासमोर तिनं बटणं ठेवली होती, एका विटेच्या तुकड्यावर. शाळेची घंटा लांबून ऐकू आली तरी तिनं मान वर केली नाही.

"जा ना गं," आई म्हणाली. "बटणं तरी देऊन ये."

"तू दे."

"बाई विचारतील."

"विचारू देत."

नवरा दात घासत उभा होता. त्यानं दोघींकडे पाहिलं आणि चूळ भरायला लांब गेला. रात्रभरात तो बायकोशी एक शब्द बोलला नव्हता. आईला वाटलं, आपण सांगून टाकलं खरं, पण त्यानं पोरीचं काय भलं झालं? पोतं तिथंच आहे आणि पोरगी त्याच्यावर आहे.

तेवढ्यात खाट करकरली. म्हातारा उठला. काठी न घेता, हात पुढं धरून, पावलं घासत तो ढिगापर्यंत आला. पायाला पोतं लागलं तसा थांबला. मग पायानंच पोतं चाचपलं, आणि त्याच्यावर बसलेल्या पोरीला अंगठ्यानं ढोसलं.

"ऊठ."

"आबा, तुम्ही बसा खाटेवर. मी करते."

"ऊठ म्हणतो ना. ही जागा माझी आहे."

ठमी हलली नाही. मग लांबून तिचा बाप म्हणाला, तोंडात अजून पाणी होतं, नीट बोलताही येत नव्हतं. "ऊठ गं. आबांची जागा आहे ती."

पोरगी उठली. म्हातारा गुडघे धरत खाली बसला, तिच्या हातातला हातोडा काढून घेतला आणि पहिली बरणी ओढली. ठमी आवारात नुसती उभी राहिली. बसायला दुसरी जागा नव्हती. आईनं तिच्या डोक्याचं फडकं सोडलं आणि तिला घाईघाईनं आत नेऊन कपडे बदलायला लावले, विचार बदलायला वेळ मिळू नये म्हणून. वेणी वाकडी झाली. ती तशीच राहिली.

फाटकापर्यंत जाऊन ठमी परत आली. विटेवरची बटणं उचलून मुठीत घेतली.

"मी काय सांगू तिथं?" तिनं विचारलं. "कोंबडी कुठं गेली म्हणून?"

 म्हाताऱ्यानं झाकण पत्र्याच्या डब्यात टाकलं, बरणी काचेच्या ढिगात सरकवली आणि दुसरीसाठी हात लांब केला.

"सांग," तो म्हणाला, "आबांनी खाल्ली."

ठमी हसली नाही. पण थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली, आणि मग शाळेत गेली.